रानातलं मटण कसं मागवावं? नवशिक्यांसाठी लातूर पॅटर्न

नीटच्या तयारीला राज्यभरातली पोरं लातूर-नांदेडला येतात. पण ढाब्यावर बसून ‘रानातलं काही हाय का?’ कसं विचारावं, हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. ती उणीव भरून काढायला हे गाईड. पात्रता: बोकडाचा कंटाळा, मित्राची चारचाकी आणि मोबाईलला चार्जिंग.

पायरी १: प्राणी निवडा

आपल्याकडचे पर्याय: ससा, तितर, हरीण, घोरपड, मोर. आधी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चाळून घ्या. २०२२ च्या दुरुस्तीसह घ्या, जुन्या आवृत्तीवर विसंबू नका. काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, आणि दंड २५,००० रुपयांपासून पुढे. ससा-तितर स्वस्तात पडतील असं वाटत असेल, तर तेही संरक्षितच आहेत. थोडक्यात, यादीतलं काहीच सिलॅबसमध्ये नाही.

पायरी २: ऑर्डर द्या

मेनूकार्ड मागू नका. त्यात अंडाकरीचा भाव असतो, सशाचा नसतो. पोरगा टेबल पुसायला आला की हळूच विचारा. तो आधी गल्ल्याकडे बघेल, मग तुमच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे, आणि पुसलेलीच जागा पुन्हा पुसत म्हणेल, “हाय मालक, पण बाहेर बोलू नका.” अर्ध्या तासात हंडी येते. बिलावर ‘स्पेशल हंडी’ एवढंच.

इथे एक कलम पाठ असावं. नुसती शिकारच नव्हे, असं मटण खानावळीत शिजवणं आणि वाढणं यावरही कायद्याचं बंधन आहे. खानावळ कशाला म्हणायचं, हे सांगताना पळवाटही बुजवून टाकली आहे: जेवणाचे पैसे वेगळे घ्या नाहीतर लॉजच्या भाड्यात धरा, ती खानावळच. ‘भाडं खोलीचं घेतलं, ससा प्रेमाखातर दिला’ हे चालत नाही.

पायरी ३: अस्सल-नक्कल ओळखा

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र १ टक्क्याच्याही आत आहे. नांदेडला किनवट-माहूरचं जंगल आहे खरं, पण ते काही रोज संध्याकाळी हायवेवर येऊन बसत नाही. मग रोजच्या रोज हंडी भरेल एवढं रान येतं कुठून?

उत्तरं दोनच. एक, ससा फार्मवरचा पांढरा आहे, तितर म्हणून आलेला पक्षी पिंजऱ्यात वाढलेला जपानी बटेर आहे, आणि हरीण काल दुपारपर्यंत ‘बें बें’ करत होतं. काळ्या मसाल्याची एवढी तर्री चढवल्यावर बोकडाला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही. दोन, माल खरोखर रानातला आहे. पहिलं असेल तर तुम्ही फसलात, दुसरं असेल तर गुन्ह्यात सापडलात. पैसे दोन्हीकडे तुमचेच जातात.

पायरी ४: मनाची समजूत घाला

घास घशात अडकलाच, तर ही तयार उत्तरं.

(अ) “आमचे आजोबा खायचे.” खायचे ना. पण त्यांच्या वेळी माळरान होतं, आता तिथे सोयाबीन आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटात काय यायचं आणि का यायचं, ते त्यात आहे. पोटासाठी मिळेल ते खाणं वेगळं, आणि एसी लावून चाळीस किलोमीटर चव शोधत जाणं वेगळं.

(आ) “बोकड चालतो, मग हरीण का नाही?” शाकाहारी माणसाने विचारला तर प्रश्न वजनदार आहे, हंडी पुढ्यात ओढून विचारला तर नाही. बोकड कापला की शेळीवाला दुसरा वाढवतो. काळविटाची मादी मेली, तर तिच्या जागी भरती करायला कुणी बसलेलं नाही.

(इ) “पिकं खातात हो!” खातात. कोवळ्या पिकात कळप शिरला की शेतकरी रडकुंडीला येतो. त्याची भरपाई वनखात्याकडे मागता येते. तुमच्या बिलातला रुपया काही त्याच्या हातात पडत नाही.

(ई) “मी कुठं मारलं?” सर्वांत लोकप्रिय उत्तर. मागणी तुमची, फासा दुसऱ्याचा. धाड पडली की सापडतो फासेवाला, आणि त्याच्याही आधी संशय जातो पारध्यांच्या पालावर. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, लोकांची नजर गेली नाही. ज्याच्या ऑर्डरीमुळे हे सगळं हललं, तो तोवर घरी पोचून ढेकर देत असतो.

पायरी ५: तब्येत सांभाळा

जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे मरून पडले. नमुने तपासले, बर्ड फ्लू निघाला. कावळ्यांची निदान तपासणी तरी झाली. तुमच्या तितराची कुणी केली?

पायरी ६: स्टेटस ठेवा

हंडीचा फोटो, ढाब्याचं लोकेशन आणि ‘आज रानातला बेत’ असं कॅप्शन. पुरावा वनखात्याला घरपोच.

सराव प्रश्न (बरोबर +४, चूक −१)

“रानातलं हाय” असं ऐकल्यावर योग्य कृती कोणती?

(१) एक हंडी सांगणे
(२) दोन सांगणे, एक पार्सल
(३) “बिलावर ‘ससा’ असं लिहून द्याल का?” असं विचारणे
(४) वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करणे

उत्तरसूची: (३) आणि (४) दोन्हींना पूर्ण गुण. (३) निवडणाऱ्यांनी डाळफ्राय आधीच सांगून ठेवावी, कारण हा प्रश्न विचारला की हंडी त्याच क्षणी ‘संपलेली’ असते.