दीडशे रुपयांत मैफल

ही मार्गदर्शिका रावेरपासून नेपानगरपर्यंतच्या त्या सर्व होतकरू श्रोत्यांसाठी आहे, ज्यांना चांगलं संगीत ऐकायचंय आणि ज्यांची महिनाअखेर चालू आहे. ज्यांच्याकडे वीस हजारांचा हेडफोन आहे त्यांनी पान उलटावं. त्यांना आवाज चांगला येतोच. नाही आला तर बिल काढून वाचावं, मग येतो.

साहित्य: एक वायरवाला इयरफोन (किंमत १५० ते ३०० रुपये), पिन घालायचं गोल भोक शिल्लक असलेला फोन, एक लाकडी टूथपिक आणि दोन कान. कान शक्यतो स्वतःचे. हे भोक ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून काढून टाकलं आणि मग एकेक कंपनी त्याच वाटेने गेली. बऱ्हाणपुरात अजून भोकवाले फोन पुष्कळ आहेत, हे आपलं भाग्य समजावं.

बिनवायरीचे घेऊच नयेत असं नाही. पण दोन-तीनशे रुपयांत कंपनीला बॅटरी, रेडिओ, डबी आणि आवाज एवढं सगळं बसवायचं असतं, आणि काटछाट करताना पहिला हात आवाजावरच पडतो. शिवाय त्यातला एकच हरवतो. वायरवाल्याचे दोन्ही एकदम हरवतात, त्यामुळे हिशोब सोपा राहतो.

पायरी १ : खरेदी

शनवाऱ्याकडून गांधी चौकाकडे निघालं की दुकानांच्या दारांवर इयरफोन टांगलेले दिसतात. इथला मराठी माणूस भाव हिंदीत विचारतो आणि महाग वाटला की बायकोशी मराठीत बोलतो. दुकानदाराला दोन्ही कळतं. संवाद साधारण असा होतो:

"भैया, बेस है?"

"बेस ही बेस है."

हे शब्दशः खरं असतं. बेस सोडून त्यात दुसरं काही नसतं. म्हणून बेस विचारूच नये, आपलं गाणं वाजवून पाहायला मागावं. खोक्यावरची इंग्रजी वाचण्यात वेळ घालवू नये. नामांकित कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही ना, एवढं पाहावं. आणि 'ईएनसी' असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नये. ती सोय माइकसाठी असते. तुमच्या भोवतीचा गोंगाट फोनच्या पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जातो, तुम्हाला तो पूर्वीइतकाच ऐकू येतो. म्हणजे पैसे तुमचे आणि शांतता सासुरवाडीची.

परीक्षेला वरातीतलं गाणं लावू नये. ढोल सगळे दोष झाकतो. माणसाचा आवाज लावावा, कारण तो आपण जन्मापासून ऐकत आलोय आणि त्यातली खोट कानाला लगेच सापडते. बऱ्हाणपूरकरांनी याबाबत फार शोधाशोध करायची गरज नाही. किशोरकुमार ४ ऑगस्ट १९२९ रोजी शेजारी खंडव्यात जन्मले, आणि आपण २००३ पर्यंत खंडव्याच्याच जिल्ह्यात होतो. पुढे जिल्ह्याची वाटणी झाली, किशोरकुमारची कुणी मागितली नाही.

फक्त 'झंकार बीट्स'वाली प्रत घेऊ नये. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर वरून ताल चिकटवायची एक टूम निघाली होती, आणि मेमरी कार्डात 'पाचशे गाणी भरून' मिळतात त्यांत आजही तोच माल निघतो. शिवाय जागा वाचवायला ती गाणी इतकी दाबलेली असतात की झांजेच्या जागी नुसतं 'श्श' ऐकू येतं. तो दोष इयरफोनचा नव्हे. चांगली प्रत लावली की किशोरकुमार डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. तो एका कानाकडे झुकत असेल तर दोन्ही बाजू सारख्या वाजत नाहीत. दुसरा नग मागावा. दुकानदार "सब सेम है" म्हणेल. नसतात.

पायरी २ : ऐकणे

गाणं लावा. आवाज पातळ आणि पत्र्याचा येतोय? छान. सगळ्यांना तसाच येतो. शिव्या द्यायच्या आधी पुढची पायरी वाचावी.

पायरी २ (अ), जी पायरी २ च्या आधी करायची होती : रबर

पाकिटात रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या असतात. मधली कारखान्यातूनच चढवलेली असते. उरलेल्या दोन त्याच संध्याकाळी पाकिटासकट केरात जातात. दीडशेच्या इयरफोनचा निम्मा आवाज तिथे, त्या केरात असतो.

कारण असं, की आतला पडदा नखाएवढा. त्याला खोलीभर हवा हलवता येत नाही, पण कानाच्या नळीतली चिमूटभर हवा तो झकास दाबू शकतो, मात्र नळी बंद हवी. बाजूने फट राहिली की खर्ज सगळा तिथून निसटतो. रिंग सैल झालेल्या कुकरची शिट्टी होत नाही, तेच हे. चाचणी सोपी आहे. गाणं चालू असताना दोन्ही बोटांनी इयरफोन हलकेच आत दाबा. तबल्याचा बायां एकदम जागा झाला, तर माल चांगला आहे, टोपी चुकलीय. मोठी टोपी लावून पाहा, मग छोटी. डावा आणि उजवा कान एका मापाचे असतीलच असं नाही. दोन कानांना दोन मापं लावली म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

घालायचीही एक रीत आहे. उजवा इयरफोन उजव्या हाताने धरायचा, डावा हात डोक्यामागून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, इयरफोन आत सरकवायचा आणि पाळी सोडायची. ओढल्याने नळी सरळ होते आणि टोपी आत नीट बसते. हे करताना माणूस मास्तरांसमोर कान पकडून उभा असल्यासारखा दिसतो, तेव्हा भर चौकात करू नये.

बरोबर बसल्याची खूण म्हणजे स्वतःची पावलं डोक्यात धपधप वाजतात आणि पोह्यांवरची शेव खाताना गाणं ऐकूच येत नाही. यावर उपाय, आधी पोहे खावेत. वायर शर्टाला घासून खरखर होत असेल तर ती कानावरून मागे घेऊन मग खाली सोडावी. खरखर बरीच जाते. ही युक्ती स्टेजवरचे गायक वापरतात, त्यामुळे आपणही थोडे स्टेजवरचे दिसतो.

पायरी ३ : परिसर

आता खरी अडचण. बऱ्हाणपूर कापडाचं गाव. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं सतराव्या शतकात तॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहून गेला. त्याने ऐकले ते हातमाग. आपल्या नशिबी पावरलूम आहेत. धोटा या टोकापासून त्या टोकाला फेकला जातो, पेटीत आदळून थांबतो, परत फेकला जातो, आणि हे मिनिटाला शंभरावर वेळा. एक माग असेल तर माणूस सहन करतो. पत्र्याच्या शेडमध्ये वीस माग लागले की आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, आणि मोहल्ल्यात एकच शेड नसते.

इथे नवशिका काय करतो, तर फोनचा आवाज पूर्ण वाढवतो. आमचा भाचा म्हणतो, "मामा, फुल केल्याशिवाय ऐकूच येत नाही." त्याचं बरोबर आहे, आणि म्हणूनच पुढचा हिशोब त्याच्यासाठी. ८५ डेसिबल आवाज कानाने दिवसाला ८ तास सोसावा असं मानतात. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा, आणि १०० ला १५ मिनिटं. ९५ च्या खडखडाटावर गाणं चढवायचं तर ते शंभरीला न्यावं लागतं. दिवसभराचा कोटा तीन गाण्यांत संपला. जुन्या विणकरांशी बोलताना आपण आपोआप मोठ्याने बोलतो, ते का, हे भाच्याने एकदा स्वतःला विचारावं.

शिवाय मोठा आवाज कानाला फसवतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आणि वाढवला की तो वर येतो. म्हणून कुठलाही इयरफोन जोरात लावला की चांगला वाटतो. दुकानदाराने हा शोधनिबंध वाचलेला नसतो, पण तो दोन इयरफोन दाखवताना महाग असलेला थोडा जास्त जोरात लावतो, यावरून त्याला सार माहीत असावं. दोन्हींचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी.

उपाय पुन्हा तेच रबर. नीट बसलेली टोपी बाहेरचा खडखडाट बराच अडवते, मग गाणं निम्म्यावर ठेवलं तरी पुरतं. मात्र चालत्या मागावर काम करताना कानात घालायचं ते बूच, गाणं नव्हे. सूत तुटलं की मागाचा सूर बदलतो आणि कसबी माणसाला तो पाठमोरा असतानाही कळतो. तिथे मालक गाण्याचे पैसे देत नाही.

मैफलीसाठी सर्वांत उत्तम वेळ म्हणजे लाईट गेल्यावर. सगळे माग एकदम थांबतात, आणि शेजारी गरम होतंय म्हणून ओरडत असले तरी ते ९० डेसिबल ओरडत नाहीत. फोन आधी चार्ज करून ठेवलेला असावा. लाईट जातच नसेल तर कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानांनी जमिनीखालून पाणी आणायला बांधलेलं हे भुयार. लिफ्ट चालू असेल तर जवळपास ८० फूट खाली उतरता येतं. गाणी फोनमध्ये साठवून न्यावीत, कारण खानखानांनी टॉवरची व्यवस्था केली नव्हती. पण खरं सांगायचं तर तिथे गेल्यावर इयरफोन काढून उभं राहावं. नुसतं "ओ" म्हटलं तरी कुंडीतून जे परत येतं, ते कुठल्याही ॲपमधल्या 'कॉन्सर्ट हॉल' बटणाने येत नाही.

ज्यांना नदीकाठ आवडतो त्यांनी तापी ओलांडून जैनाबादला आहूखान्याकडे जावं. मुमताजला १६३१ मध्ये आधी तिथेच पुरलं होतं, हे सगळे सांगतात. त्याच परिसरात तरुण औरंगजेब हीराबाई नावाच्या गायिकेवर भाळला, हे थोडे कमी सांगतात. पुढे ज्याने दरबारातलं गाणंबजावणं बंद केलं, त्याच्याही कानाला एकदा चांगलं गाणं लागलं होतं, तेही वायरीशिवाय.

पायरी ४ : इक्वलायझर

फोनमध्ये उभ्या दांड्या असतात. नवशिका सगळ्या वर सरकवतो. मग आवाज फाटतो, कारण छोट्या पडद्याला जेवढं जमतं त्याहून जास्त मागितलं जातं. दांड्या खाली आणायच्या असतात. आवाज घोगरा, कोंडलेला वाटला तर २५० हर्ट्झच्या आसपासची दांडी थोडी खाली. 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील तर ६ ते ८ हजारांतली थोडी खाली. बस. 'बास बूस्ट'ला हात लावू नये. तो कारखान्यातच लावून दिलेला असतो.

पायरी ५ : एक कान बंद पडणे, आणि किशोरकुमार नाहीसा होणे

एक बाजू बंद पडली तर आधी फोनच्या सेटिंगमधला डावा-उजवा तोल पाहावा. लहान मुलाच्या हातून तो कधीकधी एका टोकाला सरकतो आणि बिचारा इयरफोन केरात जातो. मग जाळी पाहावी. कानातला मळ तिथे बसतो. कोरड्या ब्रशने, जाळी खालच्या बाजूला धरून झाडावी. फुंकर मारू नये, मळ आत जातो.

याहून चमत्कारिक आजार असा की वाद्यं सगळी वाजतात, गायक मात्र दूर कुठेतरी विहिरीत गातोय, किंवा नाहीच. याला भूतबाधा समजू नये. गायक डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. दोन्हींची सामाईक तार तुटली की दोन बाजूंतला फक्त फरक ऐकू येतो, आणि सारखं ते वजा होतं. जुनं मोनो गाणं लावलं तर जवळपास सगळंच वजा होतं. माइकचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला तर तार शाबूत आहे, पिन आणि फोनच एकमेकांशी जुळत नाहीत.

बऱ्हाणपुरात या आजाराचं पहिलं कारण तार नसतंच. खिशातल्या फोनच्या भोकात रुईचे तंतू जमतात, रोज थोडे, आणि पिन घातली की ती त्यांना तळाशी ठासत जाते. एक दिवस पिन पुरती आत बसत नाही आणि गायक गेला. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने उकरावं. टाचणी वापरू नये. निघतो तो करड्या रंगाचा दाबलेला गोळा, मुगाएवढा. पिन आता टक् करून बसते.

तरीही गायक आला नाही तर तार खरंच तुटलीय, बहुधा पिनेच्या गळ्याशी. दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. आत केसासारख्या तारा असतात: लाल म्हणजे बहुधा उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याची सामाईक. त्यांवर रंगाचा लेप असतो. तो गरम कावियाने जाळल्याशिवाय झाळ धरत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने केलेला जोड घरी पोचेपर्यंतच टिकतो, म्हणून तार आधी जाळतो की नाही, ते उभं राहून पाहावं.

दुरुस्ती परवडत नसेल तर इयरफोन टाकू नये. ४ ऑगस्टला किशोरकुमारच्या समाधीवर गायला खंडव्याला जाणारे हौशी लोक इथे कमी नाहीत, आणि त्या सगळ्यांना गायक वगळलेलं गाणं सरावाला हवं असतं. 'खास कराओके इयरफोन' म्हणून सांगितलं तर नव्यापेक्षा चांगला भाव येतो.