बघूक की रवाक?

आसनगावच्या माणसाला राजवाड्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. फलाटावर लोकलची वाट बघताना त्याने मान जरा वळवली की माहुली दिसते, आणि माहुलीवर शहाजीराजांचं बिऱ्हाड होतं. १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा श्वास याच गडावर गेला. पुढे शिवाजी महाराजांनी १६५८ मध्ये तो घेतला, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात दिला आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत आणला. एवढा इतिहास डोक्यावर असल्यावर जयपूर-उदयपूरचं नाव काढलं तरी आमच्याकडे ‘हो का, बरं’ एवढाच प्रतिसाद मिळतो.

शिवाय माहुलीवर मुक्कामाची सोय आहे. वरच्या वाड्याला छप्पर उरलेलं नाही, पण महादरवाजाजवळ पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. ट्रेकवाली पोरं तिथे पथाऱ्या पसरतात. पायथ्याला वनखात्याची पावती फाडली की चेक-इन झालं. चेक-आउट माकडं करून देतात.

हे सगळं मामाचं. मी फक्त लिहून काढतोय. मामाने उभी नोकरी मुंबईत केली असं लोक म्हणतात. वेळेचा हिशेब मांडला तर ती त्याने आसनगाव लोकलमध्येच केली. त्यामुळे पैशाचं त्याचं माप रुपया नसून पास आहे. फ्रिज घेतला की ‘दोन वर्षांचे पास गेले,’ लग्नात आहेर आला की ‘सहा महिन्यांचा सेकंड क्लास.’ रिटायर झाला तरी माप तेच राहिलं.

आमची लेक बंगळुरूला असते. तिने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सावंतवाडीच्या राजवाड्यातला मुक्काम भेट दिला. संस्थानच्या भोसले घराण्याने राजवाड्याच्या आवारात छोटेखानी हॉटेल काढलंय, तिथला. ‘बाबा, एकच अट. भाडं किती ते विचारायचं नाही.’ मी कबूल झालो. बायको कबूल झाली. मामाला अट कोणी घातलीच नव्हती, कारण तो येणार हेच मुळात ठरलेलं नव्हतं. तो आला.

येण्याआधी त्याने तत्त्वाचा प्रश्न काढला. २०१९ च्या सप्टेंबरात राज्यातले किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी फुटली, तेव्हा मामाने लोकलच्या डब्यात जी सभा घेतली ती कल्याणपर्यंत चालली होती. महाराजांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारने केल्यावरच तो खाली बसला. तोवर त्याची चौथी सीट गेली होती. आता हाच माणूस राजवाड्याच्या हॉटेलात राहणार कसा? दोन दिवस घरात शांतता होती. मग निकाल आला. ‘तो त्यांचा स्वतःचा वाडा आहे. आपल्या घरात चार पाहुणे ठेवले तर आपण कोण बोलणार?’

तसं बघितलं तर देशभरातल्या राजेरजवाड्यांनी हेच केलं. जयपूरचा रामबाग १९५७ मध्ये हॉटेल झाला, उदयपूरच्या तलावातला महाल १९६३ मध्ये. १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि ज्यांच्या घराला शंभर खोल्या होत्या त्यांना पहिल्यांदा कळलं की कौलं कोणी तरी स्वतःच्या पैशाने बदलावी लागतात. कोल्हापूरच्या रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेसही १९८७ मध्ये हॉटेल झाला होता. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांची गढी आहे, तिथेही आता पाहुण्यांच्या गाड्या लागतात. आमच्या पलीकडे जव्हारला मुकण्यांचा जय विलास आहे. तो अजून बघण्यापुरताच आहे, आणि बघून झाल्यावर माणूस बाहेर वडापाव खातो.

राजवाड्यात राहायला जाणारी माणसं विमानाने गोव्यात उतरतात आणि मोटारीने वर येतात. आम्ही पहाटेची लोकल धरून दिव्याला उतरलो आणि दिवा–सावंतवाडी गाडीत बसलो. हा मामाचा हट्ट. ‘जाताना तरी पैसे वाचवू, तिथे किती जाणारेत कोणाला माहीत,’ असं म्हणून त्याने लेकीच्या अटीची पहिली परीक्षा घेतली. ही गाडी कोणालाही नाही म्हणत नाही. ज्या स्टेशनावर थांबायचं ते तर सोडाच, जिथे नुसतं क्रॉसिंग असेल तिथेही ती बाजूला उभी राहते, आणि शेजारून वंदे भारत, मांडवी, मालगाडी, सगळ्यांना ‘या, तुम्ही व्हा पुढे’ म्हणते. माझी बायको मुरबाडची. मुरबाडला रेल्वे येणार हे ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ऐकतेय. त्यामुळे उभ्या गाडीचाही तिला त्रास होत नाही. ‘आलीये ना? मग उभी राहू दे.’ चिपळूणपर्यंत भाकऱ्या संपल्या, कणकवलीपर्यंत शेजाऱ्यांच्या संपल्या.

सावंतवाडी रोड स्टेशन गावाबाहेर मळगावात आहे. रिक्षावाल्याला राजवाडा म्हटल्यावर त्याने आमच्याकडे, मग आमच्या बोचक्यांकडे, मग मामाच्या हातातल्या पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनकडे बघितलं.

‘राजवाड्यात बघूक की रवाक?’

‘रवाक,’ मामा म्हणाला, आणि रिक्षाभर ताठ बसून राहिला.

कॅनचं सांगायला हवं. आमचा शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा १८९२ पासून पाजतेय, मग मोडकसागर आला, मग भातसा. रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या जाड्या पाइपांतून मुंबईचं पाणी जातं, आणि मे महिन्यात पाइपाशेजारच्या पाड्यावर टँकर येतो. असल्या मुलखातला माणूस कुठेही जाताना पाणी घरून नेतो. राजवाड्यासमोर मोती तलाव आहे, १८७४ साली बांधलेला, गावाच्या ऐन मध्यात. संध्याकाळी लोक काठाने फिरायला येतात. मामा कठड्याला टेकून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. मग शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना त्याने विचारलं, ‘हे कुठे जातं?’

‘खंय जातला?’ गृहस्थ म्हणाले. ‘हयच असता.’

‘मुंबईला नाही?’

गृहस्थ त्याच्याकडे बघत दोन पावलं सरकले.

राजवाडा लाल जांभ्या दगडाचा, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३, म्हणजे पेशवाईच्या उत्तरार्धाचा बराचसा काळ. आजही घराण्यातली माणसं तिथे राहतात, हे आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. हॉटेल म्हटलं की आपण गिऱ्हाईक. पंखा हळू फिरतो म्हणून ओरडता येतं, चहा परत पाठवता येतो. इथे ज्यांचं घर आहे ती माणसं अंगणातून जाताना ‘प्रवास नीट झाला ना?’ असं विचारतात. दिवा गाडीने आलेल्या माणसाने यावर काय उत्तर द्यायचं? बायको म्हणाली, ‘झाला हो, अगदी घरच्यासारखा.’ आणि पदर सावरून ती जी उभी राहिली, ती घरची माणसं दृष्टीआड होईपर्यंत बसलीच नाही.

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर नवा पेच उभा राहिला. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध, आणि खोलीच्या सजावटीत तेच दशावतार. फार सुंदर काम. पण पलंगावर कुठल्याही बाजूने आडवं व्हा, पाय कुठल्या ना कुठल्या अवताराकडे जाणार. ‘मत्स्याकडे केले तर चालतील,’ मी म्हटलं. ‘चालतील कसे?’ बायको म्हणाली, ‘पहिलाच अवतार तो!’ मामाने मधला मार्ग काढला आणि कोपऱ्याकडे पाय करून तिरका झोपला. त्याच्यासाठी घातलेला जादा पलंग मोठा होता म्हणून निभावलं. सकाळी खोली आवरायला मुलगा आला तेव्हा चादरी घड्या करून ठेवलेल्या, कचरा पिशवीत भरून बांधलेला, आणि बायको खिडकीची काच पुसत होती. ‘मावशे, माका काय तरी ठेवा,’ एवढंच तो म्हणाला.

या मुलावर मामाचा दुहेरी डोळा होता. एक तर त्याच्याकडून भाडं काढायचं होतं. ‘सीझनला काय रेट असतो रे?’ ‘दिदींनी केलंय बुकिंग.’ ‘नाही, असं आपलं, बिगरसीझनला?’ ‘दिदींनी केलंय बुकिंग.’ आणि दुसरं म्हणजे त्याला इतिहासाचा जाब विचारायचा होता. सावंतवाडीच्या लखम सावंतांनी १६५९ मध्ये शिवाजी महाराजांशी तह केला आणि पुढे तो पाळला नाही. माहुलीच्या छायेत वाढलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नाही. सकाळी घावन आणि चटणी पुढ्यात आली तेव्हा मामाने घास हातात धरूनच विषय काढला.

‘तुमच्या लोकांनी तह मोडला.’

मुलाने शांतपणे दुसरा घावन वाढला. ‘आजोबा, मी बांद्याचा. तेव्हा आमचे शेतात लावणी करत होते.’

‘तरी पण.’

‘आजोबा, चटणी आणू?’

मामाने घावन खाल्ला. इतिहास तूर्त तहकूब झाला, तो दुपारी पंचम खेम सावंतांच्या, म्हणजे बापूसाहेब महाराजांच्या गोष्टी ऐकताना कायमचा निकालात निघाला. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटल्याचं इथे प्रत्येक जण सांगतो. ‘पुढच्यांनी फेडलं म्हणायचं,’ असा शेरा मारून मामाने सावंतवाडी संस्थानाला माफ केलं.

दरबार हॉलमध्ये मात्र तो गप्प झाला. जिथे कधी मानकरी बसत तिथे आता कारागीर बसतात आणि गंजिफा रंगवतात. छापील पत्ते आले आणि हा खेळ मेला. चिताऱ्यांचे हात दुसऱ्या कामाला लागले. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. चिंचोक्याची खळ, वर रंग, वर लाख, आणि एकेका वाटोळ्या पानावर केसाएवढ्या रेषेत परशुराम. मला विचाराल तर अख्ख्या मुक्कामातली पैसे देऊन बघावी अशी गोष्ट ही. मऊ गाद्या कुठेही मिळतात. राणीने ब्रश हातात धरला म्हणून जिवंत राहिलेला पत्ता दुसरीकडे मिळायचा नाही.

मामा पत्त्यांतला दर्दी. लोकलमध्ये चौघांच्या मांडीवर ब्रीफकेस ठेवून मेंढीकोट खेळण्यात त्याची हयात गेली. त्याने लगेच विचारलं, ‘हुकूम कुठला?’

हुकूम नसतो. मामाचा चेहरा पडला. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, मिळून एकशेवीस पानं. अर्ध्या अवतारांत आकडे सुलट चालतात, अर्ध्यांत उलट. दिवसा खेळलात तर रामाच्या राजाने डाव उघडायचा, रात्री कृष्णाच्या.

‘आणि वजीर?’

‘राजाच्या खालोखाल.’

‘आमच्याकडे वजीर दगडाचा आहे,’ मामा म्हणाला. माहुलीच्या शेजारच्या सुळक्याचं नाव वजीर, हे त्या कारागिराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने अदबीने मान डोलावली.

रात्री आम्ही तिघं खेळायला बसलो. तिघांत वाटली की प्रत्येकाला चाळीस पानं येतात. चाळीस गोल पानं एका हातात धरता येत नाहीत. पंखा केला तरी ती घरंगळतात. मामाचा वामन पलंगाखाली गेला, माझा नृसिंह बायकोच्या ओच्यात. मामाने पहिल्यांदा हुकमाशिवाय हात मारून बघितले आणि सगळे गमावले. मग त्याने कच्छपाचा दश्शा मोठ्या ऐटीत टाकला. उलट की सुलट यावर पाऊण तास वाद झाला. बायको बोलली नाही. ती नुसती एकेक हात उचलत राहिली आणि शेवटी तिच्यापुढे जो ढीग जमला तो बघून मामाने पान टाकलं नि विचारलं, ‘तू मुरबाडला हे कुठे शिकलीस?’

‘म्हशाच्या जत्रेला घोंगडी घ्यायला जात होते,’ ती म्हणाली. ‘समोरचा काय दडवतो ते बघायची सवय आहे.’

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. आधीच्या पानांवर परदेशी पाहुण्यांनी काय काय लिहिलं होतं. मामाने चष्मा लावला, पेन घेतलं आणि अर्धं पान भरलं: ‘सोय उत्तम. माणसं उत्तम. सोलकढी अति उत्तम. आमच्याकडे माहुलीस एकदा यावे. वाडा आहे, छप्पर नाही. आसनगावला उतरून रिक्षा करावी. पुढे तीन तास चढ. पाणी आपले आणावे.’ खाली बायकोने बारीक अक्षरात जोडलं, ‘जेवायला खाली घरी यावे.’ मुलाने वाचलं आणि मनापासून विचारलं, ‘भाडं किती?’ मामा त्या प्रश्नाने इतका खूश झाला की त्याने त्याला शंभराची नोट दिली. आमच्या हिशेबात ही फार मोठी घटना आहे.

परतीच्या गाडीत रत्नागिरी मागे पडल्यावर लेकीचा फोन आला. मामाने तो माझ्या हातातून ओढून घेतला. ‘आता मुक्काम झाला, अट संपली. सांग.’

‘मामाआजोबा, तुमच्या मापात सांगू?’

‘सांग.’

‘आसनगाव ते मुंबई, फर्स्ट क्लासचा महिन्याचा पास धरला ना, तर—’

आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. कोकण रेल्वेवरचा हा सगळ्यात लांब बोगदा, साडेसहा किलोमीटर. आमच्या गाडीने तो आपल्या स्वभावानुसार घेतला. अंधारात मामा ‘हॅलो, हॅलो, किती म्हणालीस?’ असं ओरडत राहिला. उजेड आला तेव्हा फोन कटलेला होता, आणि समोरच्या बाकावरचे चिपळूणला उतरणारे गृहस्थ पुढे सरकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

‘राजवाड्यात राहून आलात? वा! काय घेतात हो रात्रीचे?’

मामाने फोन खिशात ठेवला, पाय पुढे पसरले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘दिदींनी केलंय बुकिंग.’