एकटा जीव, साठ नग

जून उजाडला की पुण्यात दोन प्रकारचे लोक निघायच्या तयारीला लागतात. वारकरी पंढरपूरला निघतात आणि आयटीतले वीर लडाखला. वारकऱ्याच्या खांद्याला एक पिशवी असते आणि सोबत लाखो माणसं. लडाखवीर एकटा असतो आणि सोबत लाखाचं सामान.

आमच्या सोसायटीतल्या लडाखवीराने यंदा 'सोलो' जायचं जाहीर केलं. म्हणे, स्वतःचा शोध घ्यायचाय. वास्तविक हा इसम रोज संध्याकाळी हिंजवडीच्या सिग्नलला हमखास सापडतो, पण तिथे जाऊन त्याला शोधण्यात थरार नाही.

एकट्याने जायचा निर्णय अर्थातच सर्वानुमते झाला. त्यासाठी व्हॉट्सॲपवर 'एकटाच मी' या नावाचा गट निघाला. त्यात आई-बाबा, बायको, दोन मेव्हणे, ऑफिसातले तीन 'लडाख रिटर्न' आणि कोणी घेतलं ते न कळलेले एक काका. काकांचं काम रोज सकाळी हिमाचलात दरड कोसळल्याची बातमी टाकणं. ती बहुधा गेल्या वर्षीची असते, पण काळजी ताजी असते.

मग सामान. जॅकेट, नी-गार्ड, तीन प्रकारचे हातमोजे, सॅडल बॅग, टँक बॅग, टेल बॅग आणि या सगळ्या बॅगा भिजू नयेत म्हणून त्यांचे रेनकोट. हे सारं पलंगावर रुखवतासारखं मांडून त्याचा वरून फोटो काढला गेला. रुखवतात आईने मेतकूट, भडंग आणि दशम्यांची भर घातली. आजीने कापराची पुरचुंडी दिली. उंचावर श्वास लागला की हुंगायची. वीराने ती ऑक्सिजनच्या कॅनशेजारी ठेवली. विज्ञान आणि परंपरा एकाच कप्प्यात, आणि चेन बसेना.

सुट्या भागांची खरेदी भवानी पेठेत झाली. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, स्पार्क प्लग, ट्यूब, पंक्चर किट, एम-सील.

"केबल लावता येते का सर?" मेकॅनिकने विचारलं.

"यूट्यूबवर बघेन ना."

"तिथं रेंज असते?"

यावर वीराने गंभीरपणे हिमालयाच्या दिशेने पाहिलं. मेकॅनिक दयाळू निघाला. त्याने नवी केबल जुनीच्या शेजारून ओढून आधीच बांधून दिली. तुटलीच तर फक्त टोकं बदलायची. सबंध तयारीत उपयोगाचं असं हे एकच काम झालं, आणि ते वीराच्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं.

पेट्रोलचं गणित वेगळं. मनाली ते लेह हा रस्ता जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरचा. वाटेत तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची एक पाटी होती. तिच्याशेजारी फोटो काढल्याशिवाय पुढे जाता येत नसे, असा अलिखित नियम. वीराच्या 'हिमालयन' मोटरसायकलची टाकी १५ लिटरची. लिटरला ३० धरले तरी साडेचारशे किलोमीटर होतात. चढ आणि ओझं यांचा विचार करून पाच लिटरचा एक कॅन घेतला असता तर कोणी हसलं नसतं. वीराने तीन घेतले. एक मनालीपर्यंत गाडीचा तोल साधायला, दुसरा फोटोसाठी, तिसरा 'असू दे' म्हणून. 'असू दे' हा मराठी घरातल्या प्रत्येक बॅगेचा सर्वांत जड कप्पा.

जगापासून तुटायचं होतं, म्हणून पोस्टपेड सिम घेतलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, आणि आपण जगापासून तुटलोय हे जगाला कळवायला रेंज लागतेच.

हेल्मेटवर चे गव्हेराचा स्टिकर आहे. मोटरसायकलवरून स्वतःला शोधणाऱ्यांचं हे आद्य दैवत. आता दैवतांची चौकशी करू नये, पण १९५२ साली चे एकटा नव्हता. सोबत मित्र अल्बेर्तो ग्रानादो होता, आणि गाडीही ग्रानादोचीच. ती जुनी नॉर्टन चिलीत कायमची बसली. पुढचा खंड दोघांनी बराचसा ट्रकवाल्यांच्या मेहेरबानीने पाहिला. ट्रकवाल्यांचे स्टिकर अजून कोणी काढलेले नाहीत.

शीटप्रमाणे पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. डॉक्टरांचं म्हणणं असं, की साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला पोचल्यावर आधी दोन दिवस काहीही करू नका, शरीराला हवेची सवय होऊ द्या. 'काहीही न करणे' या कामासाठी शीटमध्ये रकानाच नव्हता. वीराने त्यावर गोळीचा उपाय काढला आणि खारदुंग ला तसाच ठेवला. तिथल्या पाटीने वर्षानुवर्षं १८,३८० फुटांचा दावा केला. जीपीएसने मोजलं तर उंची भरते १७,५८२. म्हणजे स्टेटस टाकताना आकडा थोडा वाढवून सांगायची खोड घाटालासुद्धा आहे. वीर कुठल्या आकड्याबरोबर फोटो काढणार हे वेगळं सांगायला नको.

सगळं बांधून झालं तेव्हा मागच्या सीटवर तळहात टेकायलाही जागा उरली नव्हती. बायकोने सहज विचारलं, "मी येते म्हटलं असतं तर?" सोलो प्रवासामागचं खरं कारण सर्वांना त्या क्षणी समजलं. त्यात वैराग्याचा काही संबंध नव्हता.

आणि मग साहेबांनी रजा दिली ती दहा दिवसांची. पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर. जाण्यातच चार दिवस गेले तर स्वतःला शोधायचं कधी? बैठक भरली, ठराव झाला. गाडी रेल्वेने दिल्लीला जाईल, वीर विमानाने. विमानतळावर सोडायला गटातले नऊ जण आले. काकाही आले. औक्षण झालं, डोळे पुसले गेले, स्टेटस पडलं.

गाडी दोन दिवस आधीच गेली होती. पुणे ते दिल्ली, पोत्यात गुंडाळून, पार्सलच्या डब्यातून, कोणालाही न कळवता. ती निघाली तेव्हा फलाटावर फक्त हमाल होता. त्यानेही एवढंच विचारलं, "टाकी रिकामी केली ना?"