दहापर्यंत कोरकू

मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई. एवढं म्हणून मी थांबतो, कारण इथं समोरच्यानं ‘अरे वा!’ म्हणायचं असतं. पुढचे पाचही येतात, पण ते आग्रह झाल्यावर.

लग्नाच्या पंगतीत हल्ली जर्मनला कोणी विचारत नाही, ती गल्लोगल्ली येते. मेळघाटातली कोरकू मात्र भाव खाते. वर माझ्याकडे हुकमाचा पत्ता आहे : ही भाषा ना मराठीच्या गोतातली, ना तेलुगूच्या. तिचे सगेसोयरे संथाळी, मुंडारी आणि लांबून चक्क व्हिएतनामी. डोळ्याला कोरकूत ‘मेड’, तिकडे ‘मात’. हे सांगताना मी हनोईहून धारणीमार्गे नुकताच पायी आल्यासारखा चेहरा करतो.

पण माझा खरा जीव ‘आम्ही’वर. हिंदीचं एका ‘हम’वर भागतं. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. ऐकणारा बाहेर की आत, ते कळतं. कोरकूत चार! मी आणि तो, तू सोडून : आलिंज. मी आणि तू, दोघंच : आलांग. आम्ही सगळे, तुला वगळून : आले. तुझ्यासकट सगळे : आबुंग. आमच्या घरी ही सोय हवी होती. ‘आपण आज माळा आवरू या’ असं बायको म्हणते, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये ती नसते. एकटा मी असतो. बोलणारा बाहेर आणि ऐकणारा आत, असं पाचवं सर्वनाम मराठी संसारानं कधीच घडवलंय, व्याकरणवाल्यांनी फक्त नोंद घेतलेली नाही. उलट ‘आम्ही पैठणी बघून ठेवलीय’ यातून मी बाहेर, पाकीट आत. असो. या विषयावर मी तासभर बोलतो, म्हणून मला कोणी विचारत नाही.

सेमाडोहकडे चहाच्या टपरीवर एक पोरगी होती. आईशी कोरकू, गिऱ्हाइकांशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि मांडीवर इंग्रजीचं पुस्तक. माझे आकडे तिनं शांतपणे ऐकले आणि विचारलं, ‘काका, साखर कमी?’ शेजारी बसलेले गुरुजी मला म्हणाले, ‘हुशार आहे हो, पण भाषा कच्ची.’ कुणाची? चार भाषांत हिशेब करणारी कच्ची, आणि दहापर्यंत मोजणारा मी बहुभाषिक! 2011च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर भरले. संथाळीला 2003च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकू अजून बाहेरच आहे. त्या पोरीला पहिलीत पहिल्या दिवशी जे पुस्तक हातात मिळालं, त्यात तिच्या घरातला एक शब्द नव्हता. आणि कच्ची ती! मला तिथं चहा गोड लागेना.

हे सगळं मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पोटतिडकीनं मांडलं. आवाजही चढला. सभागृह गहिवरलं, आणि ‘आदिवासी भाषांचे गाढे अभ्यासक’ म्हणून त्यांनी मला तिथल्या तिथं शाल पांघरली. मी नको नको म्हणालो, पण मराठीतून. शाल चांगली उबदार निघाली.