कापडी वनराज

हा गृहस्थ ठाण्यात राहत असो की बाणेरला, त्याचं मूळ घर चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात असतं. तिथं नारळ-सुपारीची वाडी, ऐसपैस ओटी आणि वाट बघणारी एक काकू असते. पण मुलांना घेऊन तो तिथं उतरत नाही. का, तर डास फार आणि संडास मागीलदारी! मग तिथून जवळच, काशीदच्या बाजूला तो ‘लक्झरी टेंट’ घेतो आणि काकूच्या वाडीतल्या सुपारीचा हंगामभराचा पैसा दोन रात्रींत मोजून येतो. हेतू थोर असतो : ‘मुलांची मातीशी ओळख व्हायला हवी.’

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला नेणारी रो-रो 2020 साली सुरू झाली आणि याच्या सामानाला धरबंध उरला नाही. दुर्बीण, तीन बॅटऱ्या, डास मारायची रॅकेट आणि सतरा पात्यांचा चाकू. या चाकूनं आजवर फक्त चिप्सची पाकिटं उघडली आहेत.

तंबूत एसी, गीझर, पांढरीशुभ्र गादी आणि भिंतीवर वाघाचा फोटो. गृहस्थ पडदा सारतो आणि वाणी सुरू होते. ‘मुलांनो, हा जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख. तेव्हाची माणसं अशीच डेऱ्या-राहुट्यांत राहायची.’

‘त्यांच्या तंबूला पण चेन होती, बाबा?’

मुलांच्या दृष्टीनं सगळ्या जंगलाचं सार त्या चेनमध्ये असतं. ती वर जाते, खाली येते, मध्येच अडकते. आवारात झोपाळा आहे, पोहायचा तलाव आहे. पण मुलं चेन सोडत नाहीत. उघडझाप चालू राहते आणि एकेका फटीतून दहा-दहा डास पाहुणे येतात.

संध्याकाळी तो कॅम्पवरच्या पोऱ्याला विचारतो, ‘दादा, इथं वाघ कुठल्या बाजूला दिसतो?’

‘वाघ नाय सर. फणसाडात बिबटा हाय, सांबर, भेकर, शेकरू हाय.’

गृहस्थ जरा खट्टू होतो. फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. शेकरू हा तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पण एवढे पैसे भरून खार बघायची हे त्याला पटत नाही. ती खार शेपटीसकट हातभराहून लांब असते हे कळल्यावर तो थोडा सावरतो आणि पहाटे पाचचा गजर लावतो.

रात्री मात्र त्याचा खरा मान असतो. लांबून ‘भॉक्’ असा आवाज येतो. ‘हलू नका! भेकर! धोक्याचा इशारा देतंय. बिबट्या जवळपास असणार!’ भेकर कुत्र्यासारखंच भुंकतं, हे त्यानं वाचलेलं असतं. म्हणून तो कुत्राच असेल असं त्याच्या मनातही येत नाही. सोसायटीत हाच आवाज आला की सेक्रेटरीला मेसेज जातो. इथं तो रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. त्यावर काकूचं उत्तर येतं : ‘आमच्याकडेही दोन भेकरं आहेत. रोज पोळी खातात.’

थंडीचे दिवस असतील तर कॅम्पवर ‘पोपटी नाइट’ असते, वेगळे पैसे भरून. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरायच्या, पाण्याचा थेंब न घालता मडकं जाळात ठेवायचं. काकू दरवर्षी बोलावते तेव्हा याला धुराची ॲलर्जी असते. इथं तोच धूर तो डोळे मिटून छातीभर घेतो. मुलगा फ्रेंच फ्राइज मागवतो.

सकाळी पाचचा गजर सगळा कॅम्प ऐकतो, कारण कापडाच्या भिंती. फक्त हा ऐकत नाही. फणसाड राहून जातं. मग ठरतो कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाण्याजोगा. किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला भरती साधारण अकरा-बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी पाच-सहाला. काकूनं फोनवर हे सांगितलेलं असतं. पण नाश्ता साडेदहापर्यंत फुकट असतो आणि फुकटचा नाश्ता टाकून समुद्राच्या वेळा पाळणं याच्या तत्त्वात बसत नाही. बारा वाजता तो कुटुंबासह अलिबागच्या किनाऱ्यावर उभा राहतो. किल्ला चारी बाजूंनी पाण्यात. ‘बघा,’ तो मुलांना सांगतो, ‘जलदुर्ग असाच बघायचा असतो.’

माणूस वाईट नाही. मुलांना रान दाखवावं ही त्याची तळमळ खरी आहे. फक्त रानानं आपल्या नाश्त्यानंतर यावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. तेव्हा तुमच्या नात्यात असा वनराज असेल तर एक करा. पहाटे मुलांना हळूच उठवा, फणसाडला न्या, पायी हिंडवा, आणि त्याला तंबूत झोपू द्या. त्यानं पैसे त्याचेच भरलेत.