रहस्यखेळाचा मास्तर

रहस्यखेळाचा मास्तर हा पंचविशी-तिशीतला, पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणारा आणि सणाला सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात उतरणारा गृहस्थ असतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन कपडे, एक जाडजूड वही, बहुपैलू फाशांची थैली आणि घडी केलेले नकाशे असतात. कपडे दोन-तीनच का, हा प्रश्न आई दर खेपेस विचारते. चार-पाच जुन्या मित्रांना एका खोलीत गोळा करायचे, प्रत्येकाला एकेक पात्र द्यायचे आणि त्यांच्याकडून एका भुताटकीच्या प्रकरणाचा छडा लावून घ्यायचा, हे त्याने आपणहून अंगावर घेतलेले काम आहे. कुणी पत्रकार होतो, कुणी फौजदार, कुणी डॉक्टर, कुणी यूट्यूबवर चॅनेल चालवणारा. मास्तर प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘तुम्ही काय करता?’ उत्तर मिळाले की त्याचा परिणाम सांगतो. परिणामाची खात्री नसेल तिथे फासा टाकतात. काळ आजचा, म्हणजे गोष्टीत मोबाइल आहे, सीसीटीव्ही आहे आणि त्या दोन्हींत न मावणारे काहीतरी आहे. खेळाचे नियम एवढेच. खेळाची अडचण मात्र एकच आणि फार मोठी आहे: खेळाडूंचे लक्ष.

या खेळाचे छापील रूप अमेरिकेतून आले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये निघाला. त्यात राक्षस मारून खजिना मिळवायचा असे. मारण्याऐवजी शोधायचे आणि शोधता शोधता घाबरायचे, हा प्रकार सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने 1981 मध्ये रूढ केला. सांगली जिल्ह्याला मात्र यात नवल वाटण्याचे फारसे कारण नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले तेव्हा सूत्रधार पदांमधून कथा पुढे नेत असे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. राक्षस आरडाओरडा करत येत. तमाशाच्या वगातही कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला. सोंगाड्या ती वाटेल तिकडे नेतो आणि सरदार तिला ओढून रस्त्यावर आणतो. रहस्यखेळाच्या मास्तराला सूत्रधार आणि सरदार ही दोन्ही कामे एकट्याने करावी लागतात, आणि त्याच्यासमोर बसलेले पाचही जण सोंगाडे असतात.

पहिली बैठक बहुधा नागपंचमीच्या आदल्या रात्री भरते. मास्तराने प्रकरण महिनाभर खपून रचलेले असते. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्कीचा रखवालदार नाहीसा झाला आहे आणि त्याच्या बंद पडलेल्या नंबरावरून रोज रात्री आवाजी निरोप येत आहेत. मास्तर दिवा मंद करतो, आवाज खाली आणतो. वारा, पात्यांची घरघर, ओला दगड असे वर्णन रंगते. मग तो विचारतो, ‘तुम्ही काय करता?’

‘जेवून घेऊया का आधी?’ डॉक्टर विचारतो.

इथून पुढे मास्तराचा खरा स्वभाव दिसू लागतो. नवखा मास्तर चिडतो. ‘लक्ष द्या रे’ हे वाक्य तो बैठकीत इतक्यांदा म्हणतो की पुढे खेळाडू ते त्याच्याआधीच म्हणू लागतात. मुरलेला मास्तर चिडत नाही. तो वहीत काहीतरी लिहिल्यासारखे करतो आणि फासा टाकतो. कारण न सांगता टाकलेला फासा हे त्याचे पहिले आणि सर्वांत स्वस्त हत्यार आहे. पाचही माना वळतात. वहीत त्याने खरे तर दुधाचा हिशोब लिहिलेला असतो.

लक्ष उडवणाऱ्यांमध्ये पहिला मान मामावाल्याचा. याच्या मामाला भूत खरोखर दिसलेले असते. वारणाकाठच्या गावात मुंजा, हडळ, वेताळ, आसरा, चकवा यांपैकी कुणाशी ना कुणाशी नात्यातल्या एकाची गाठ पडलेली नाही असे घर सापडणे कठीण. मास्तराच्या गोष्टीत दार करकरले की मामावाला म्हणतो, ‘आमच्या मामाचं सांगतो, हे खरं हाय लगा.’ खोट्या भुतासमोर खरे भूत उभे राहिले की खोट्याचा टिकाव लागत नाही. मामाची गोष्ट अर्धा तास चालते आणि ती मास्तराच्या गोष्टीपेक्षा चांगली असते, हे त्याचे खरे दुःख. शहाणा मास्तर मामाला अडवत नाही. तो ऐकून घेतो आणि शेवटी गंभीरपणे विचारतो, ‘मग त्या रात्री तुझा मामा पठारावर काय करत होता?’ मामा त्या क्षणापासून संशयित होतो. मामावाला पुढचे दोन तास जागचा हलत नाही. घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न असतो.

दुसरा इसम सातबारावाला. गोष्टीत पडका वाडा आला, आतून बांगड्यांचा आवाज आला, खिडकीत सावली हलली, तरी हा शांतपणे विचारतो, ‘मास्तर, सातबारा कुणाच्या नावावर हाय?’ परदेशी पुस्तकांतल्या मास्तरांना हा प्रश्न कधी पडलेला नसावा. शिराळ्यात तो पहिल्या दहा मिनिटांत पडतो, आणि वावगा म्हणता येत नाही. वाड्याला भूत लागले की त्याची किंमत पडते आणि किंमत पडली की घेणारा बहुधा भावकीतला निघतो. फौजदार, पत्रकार आणि डॉक्टर मग तिघेही तलाठ्याकडे निघतात, फेरफार मागतात, वारसनोंदीवर वाद घालतात, बांगड्यांचा आवाज तिकडे एकटाच चालू राहतो. ज्या मास्तराने सातबारा आधीच तयार ठेवलेला नाही, त्याची ती बैठक गेली म्हणून समजावे. तयारीचा मास्तर जुन्या पिवळ्या कागदावर हाताने उतारा लिहून आणतो आणि इतर हक्कांच्या रकान्यात असे एक नाव टाकतो की जे रखवालदाराच्या शेवटच्या निरोपात ऐकू आलेले असते. खेळाडू आपल्या पायांनी चालत गोष्टीत परत येतात आणि ते आपल्याच हुशारीने आले असे मानतात. मास्तर हा समज दूर करत नाही.

मारुतीवाल्याचा बंदोबस्त जास्त अवघड. शिराळा हे समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एकाचे ठाणे आहे, शिवाय गोरक्षनाथांचे स्थान. जगातल्या कुठल्याही गावी भूतरहस्य रंगवावे, पण जिथे उपाय एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे तिथे ते रंगवणे धाडसाचे आहे. मारुतीवाला पहिल्याच वळणावर तेल आणि रुईची माळ घेऊन निघतो आणि प्रकरण निकालात काढतो. देऊळ बंद आहे असे सांगण्याची चूक मास्तराने करू नये; गावकऱ्यांना वेळा पाठ असतात. अनुभवी मास्तर त्याला देवळात जाऊ देतो, दर्शन घडवतो आणि परतताना पायरीवर रखवालदाराची चप्पल दाखवतो.

भीतीचाही प्रश्न आहेच. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण असतात आणि भयानक काही दिसले की ते घटतात. हा नियम शिराळ्यात जसाच्या तसा चालत नाही. गोष्टीत अंधाऱ्या तळघरात फणा काढलेला नाग आला तर मुंबईचा खेळाडू गुण गमावेल. इथला खेळाडू तो किती फुटी आहे ते विचारतो. जिवंत नागांच्या पूजेसाठी आणि मिरवणुकीसाठी हे गाव दूरवर माहीत होते; वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर पूजेत जिवंत नागाची जागा प्रतिमेने घेतली. पण आजोबांकडून ऐकलेले अंगात राहते. त्यामुळे मास्तराने भीतीसाठी नागाच्या वाटेला जाऊ नये. खेळाडूंना घाम फोडायचा असेल तर बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन आणावा.

याउलट बिबट्या हा न बोलावता येणारा व्यत्यय. चांदोलीचे जंगल जवळ, ऊस त्याहून जवळ. बिबट्या तालुक्यात अधूनमधून दिसतो आणि मोबाइलवर रोज दिसतो. बैठकीत कुणाच्या तरी फोनवर चित्रफीत येते, ती कुठल्या गावची यावर खल होतो, बांध ओळखला जातो, मग ती दुसऱ्याच जिल्ह्यातली निघते. त्यातच शेतीची लाइट रात्रीची असेल तर फौजदाराला अकरा वाजता मोटर चालू करायला जावे लागते. बिबट्याची चित्रफीत नुकतीच पाहिलेली असल्याने तो एकटा जात नाही, पत्रकाराला सोबत नेतो. अशा रीतीने तपास पथकाचा मोठा भाग खऱ्या अंधारात, खऱ्या विहिरीवर असतो आणि मास्तर भुताची वही घेऊन डॉक्टरकडे बघत बसतो. दोघे परत आले की त्यांच्या अंगावर अजून काटा असतो. तो काटा फुकट जाऊ न देणे ही मास्तराची कसोटी आहे. ‘विहिरीवर तुम्हाला काय दिसलं?’ असे तो गोष्टीतल्या फौजदाराला विचारतो, आणि गोष्टीबाहेरचा फौजदार उत्तर देऊ लागतो.

मोबाइल गोळा करून टोपलीत ठेवण्याचा प्रयोग पुण्यात चालतो म्हणतात. गावात तो आईच्या पहिल्या फोनला संपतो. त्यापेक्षा पुरावाच फोनवर पाठवलेला बरा. बैठक सुरू असताना गटावर एक खरखरणारा आवाजी निरोप येतो, पाचही जण तो कानाला लावतात आणि निदान तेवढा वेळ क्रिकेट बघत नाहीत. खाण्याचेही पथ्य आहे. भडंग ठेवल्यास सातबाऱ्यावर तेलाचे डाग पडतात आणि डाग हाच पुरावा समजून खेळाडू त्यावर तासभर घालवतात. लाह्या बऱ्या. सणाच्या दिवसांत त्या घरात असतातच.

रहस्याच्या बांधणीबद्दल परदेशी जाणकारांचे दोन सल्ले मास्तराने उशाशी घेऊन झोपावेत असे आहेत. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीत महत्त्वाचा दुवा फाशावर सोडत नाहीत. योग्य जागी शोधले की तो मिळतोच. जस्टिन अलेक्झांडर यांचे म्हणणे, प्रत्येक निष्कर्षासाठी तीन दुवे पेरावेत, कारण एक खेळाडूंना दिसत नाही आणि दुसरा ते चुकीचा लावतात. शिराळ्याच्या मास्तराला चौथाही लागतो, कारण तिसऱ्याच्या वेळी कुणीतरी पान खायला गेलेले असते. लक्ष उडण्याचे निम्मे खापर बांधणीवरच फोडावे लागेल. पुढे काय करायचे हे कळेनासे झाले की माणसे गप्पा मारतात. वाट दिसत असली की सहसा मारत नाहीत. हे ओळखलेला मास्तर खेळाडूंना दोष देणे सोडतो आणि गोष्ट दुरुस्त करतो. असे मास्तर थोडे.

शंकेखोर खेळाडूला बहुतेक मास्तर भितात, आणि तिथे त्यांचे चुकते. हा प्रत्येक सावलीमागे टॉर्च मागतो. सातारच्या नरेंद्र दाभोलकरांची पुस्तके त्याने वाचलेली असतात आणि जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे हे तो कुणी न विचारता सांगतो. पण खोलीतला सर्वांत एकाग्र खेळाडू तोच असतो. बाकीचे भूत बघायला बसलेले असतात. त्याला ते खोटे पाडायचे असते, म्हणून तो एकेक दुवा लिहून घेतो, वेळा ताडतो, मागच्या बैठकीत कोण काय म्हणाले ते सांगतो. मास्तराने त्याला तोंड देण्याऐवजी टिपणवही द्यावी. दर बैठकीच्या सुरुवातीला मागची हकिगत त्यानेच सांगावी; मास्तराने सांगितली तर कुणी ऐकत नाही, याने सांगितली तर सगळे खोडायला म्हणून तरी ऐकतात.

कधी मात्र मास्तराला काहीच करावे लागत नाही. वारणेवरच्या चांदोली धरणासाठी आणि पुढे 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या जंगलासाठी इथली गावेच्या गावे उठली. एखादा मास्तर आपली गोष्ट अशाच एका उठलेल्या गावात नेतो: घरांची जोती, चिंचेचे झाड, दिवा नसलेले देऊळ. खेळाडूंपैकी एकाची आजी तशाच गावातली निघते. मग तो भूत वगैरे बाजूला ठेवून विचारतो, ‘देवळात अजून कुणी जातं का?’ कुणी फोन बघत नाही, कुणाचा मामा आठवत नाही. मास्तराने इथे फासा खाली ठेवावा. तेवढा पोच नसलेले मास्तरही असतात. ते नेमकी इथेच हडळ आणतात.

प्रकरणाचा उलगडा ठरल्या बैठकीत होत नाही. रविवारी रात्री मुंबईची गाडी असते, फौजदाराची पाळी सोमवारी सकाळची, डॉक्टरच्या सासरची माणसे यायची असतात. उलगडा दिवाळीवर जातो. दिवाळीपर्यंत खेळाडू खुन्याचे नाव विसरतात आणि मास्तर ते बदलतो. दोन्ही बाजूंना हे सोयीचे पडते.

शिराळ्यात सणाला गेल्यावर कुणी अशा बैठकीला बोलावले तर वाचकाने जरूर जावे. जाण्याआधी जेवून घ्यावे, मोटर चालू करून यावी आणि मामाची गोष्ट मास्तराच्या कानावर आगाऊ घालावी. ती त्याला हवीच असते.