चार चाकं, एक म्होरक्या आणि मागून ट्रॅक्टर

बदलापूर हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट गावात हमखास ऐकायला मिळते: शिवकाळात या वाटेने जाणाऱ्या फौजेचे घोडे इथे बदलले जात. गोष्टीच्या खरेखोटेपणात न शिरता एवढंच नोंदवावं की परंपरा चालू आहे. अंबरनाथ-बदलापुरातल्या बऱ्याच सुखवस्तू घरांनी अलीकडे साधी मोटार देऊन फोर-बाय-फोर घेतली. आता नवा घोडा दाखवायचा कुठे? बारवी धरणाकडे. अशा ताफ्यातून जाऊ इच्छिणाऱ्यांच्या सोयीसाठी पुढील नियम सादर केले आहेत.

नियम पहिला, म्होरक्याची निवड. म्होरक्याला कोणी निवडत नाही. जो व्हॉट्सॲप ग्रुप काढतो तो म्होरक्या. ओळखण्याच्या खुणा अशा: गाडीच्या छपरावर फावडं असतं आणि फावड्यावर किमतीचं लेबल तसंच असतं. मागच्या दाराला उंच जॅक लटकलेला असतो, तो कधी उघडलेला कोणी पाहिलेला नाही. बारा फुटांवर उभ्या असलेल्या गाडीला हाक मारायची सोडून तो वॉकी-टॉकीवर ‘पोझिशन सांगा’ म्हणतो. पलीकडचा गृहस्थ खिडकीतून मान बाहेर काढून ‘काय?’ असं विचारतो. ही झाली दळणवळणाची व्यवस्था.

नियम दुसरा: निघताना मुळगावच्या खंडोबाला हात जोडावेत. तो स्वतः घोड्यावर बसणारा देव आहे. वाहनाची हौस त्याला कळते.

नियम तिसरा भूगर्भशास्त्राचा असल्यामुळे इथे थोडं थांबायला हवं. म्होरक्याने या विषयाचं सगळं शिक्षण अमेरिकेतल्या मोआबच्या चित्रफितींवरून घेतलेलं असतं. यूटा राज्यातलं हे वाळवंटी गाव. तिथे 1967 पासून दर ईस्टरला जीपवाल्यांची जत्रा भरते आणि गाड्या भिंतीसारख्या उभ्या खडकांवर चढतात. तो खडक वालुकाश्म आहे, पॉलिश पेपरसारखा खरखरीत, रबर त्याला धरून बसतं. त्याला ‘निसरडा खडक’ असं नाव पडलं ते घोड्यांमुळे. लोखंडी नाल त्यावरून घसरत असे. बारवीचा कातळ म्हणजे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर याच जातीच्या दगडात उभं आहे आणि साडेनऊशेहून अधिक पावसाळे सोसूनही त्यावरचं कोरीव काम ओळखू येतं, यावरून दगडाचा स्वभाव कळावा. उन्हाळ्यात त्यावर पकड चांगली मिळते. पाऊस पडून शेवाळ धरलं की नाल काय आणि रबर काय, सगळं सारखंच. मोआबचा धडा इथे श्रावणात गिरवणारा माणूस नाल्यात आडवा सापडतो.

‘थार’सारख्या गाडीच्या नावालाही भुलू नये. थार हे वाळवंटाचं नाव आहे. चिखलात वाळवंटाला थारा नसतो.

नियम चौथा, हवा काढणे. हा विधी म्होरक्याला अतिशय प्रिय आहे, आणि कबूल करायला हवं की यात तो बरोबर असतो. रस्त्यावर बत्तीस-पस्तीस पीएसआय असलेली हवा अठरा-वीसवर आणली की टायर पसरतो, दगडाला कवटाळतो आणि बसणाऱ्यांची हाडंही वाचतात. मात्र परत डांबरी रस्त्यावर येताच हवा भरायलाच हवी. मऊ टायरवर वेगाने वळलं तर टायर रिमवरून निसटतो, शिवाय तापून फुटू शकतो. त्यासाठी पंप बरोबर असावा, आणि तो आपल्याच गाडीत असावा. या दुसऱ्या अटीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं.

पाचवा: फोर-लो, म्हणजे चारी चाकांना संथ जोर देणारा गिअर, आधी टाकावा, अडकल्यावर नव्हे.

सहावा नियम पायी चालण्याचा आहे, म्हणून तो कोणीही पाळत नाही. कठीण जागा आली की उतरून आधी ती चालून बघावी. मोठा दगड दोन चाकांच्या मधून जाऊ देऊ नये, चाक दगडावर चढवावं. पोटाखालचा डिफरन्शियलचा गोळा दगडावर टेकला की एवढी महागडी गाडी कासवासारखी बसून राहते. स्टिअरिंग धरताना अंगठे आत घालू नयेत, कारण चाकाला दगडाचा झटका बसला की स्टिअरिंग गरकन फिरतं. उतारावर पहिला गिअर, क्लचवरचा पाय काढलेला, इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. आणि खाली उभं राहून दिशा दाखवणारा माणूस एकच असावा. प्रत्यक्षात सहा जण असतात. तिघे डावीकडे म्हणतात, दोघे उजवीकडे आणि सहावा चित्रीकरण करतो.

अशी चर्चा रंगात आलेली असताना शेजारच्या मुरबाड रस्त्यावरून काळी-पिवळी जीप गेलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. आत चौदा माणसं, टपावर तांदळाचं पोतं, मागे पायरीवर दोन शाळकरी पोरं लोंबकळत. पाड्याकडे वळताना चालकाने दगडांच्या चढणीपाशी गिअर बदलला, तोही बोलता बोलता. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून या देशातल्या वाईट वाटा अशाच चालकांनी अंगवळणी पाडून घेतल्या. त्याला कोणी ऑफ-रोडिंग म्हणाल्याचं आठवत नाही. गाडी ‘गेली’ एवढंच म्हणत. म्होरक्याने त्या जीपकडे पाहिलं आणि वॉकी-टॉकीवर ‘टायर बघा, पार गुळगुळीत’ असा शेरा मारला. टायर गुळगुळीत होते हे खरं आहे. जीप गेली हेही खरं आहे.

सातवा नियम पाण्याचा, आणि इथे थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागेल. बारवी धरण एमआयडीसीचं आहे. त्याचं पाणी बारवी नदीतून उल्हास नदीला मिळतं, जांभूळजवळ उचललं जातं, शुद्ध होतं आणि उल्हासनगरसह ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी शहरांत आणि कारखान्यांत पोचतं. म्हणजे जलाशयाच्या काठावर म्होरक्या चाकं धुतो, ॲक्सलचं ग्रीस पाण्यात सोडतो आणि मंगळवारी त्याच पाण्याच्या नावाने फिल्टरवाल्याशी भांडतो. धरणाची उंची वाढली तेव्हा तोंडली, काचकोलीसारख्या गावांतल्या लोकांनी घरं सोडली. ती जागा चाकं धुण्यासाठी मोकळी केलेली नव्हती.

ओढा ओलांडायचाच असेल तर काठी घेऊन आधी पायी खोली मोजावी. थारच्या माहितीपत्रकात 650 मिलिमीटर हा आकडा आहे. तो संथ पाण्याचा समजावा, धावत्या पाण्याला माहितीपत्रक वाचता येत नाही. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुराने अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती, हजाराच्या वर प्रवासी बोटींतून काढावे लागले. जिथे रेल्वेगाडीचं काही चाललं नाही तिथे स्नॉर्केल लावल्याने फार फरक पडत नाही. पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. पूर्वी कलम 144 म्हणत, आता नव्या संहितेचं 163 आहे. म्होरक्याचं म्हणणं असं की आदेश पर्यटकांना आहे, आपण पर्यटक नाही, आपण कम्युनिटी आहोत. बंदोबस्तावरच्या हवालदाराला हा फरक अजून समजावता आलेला नाही. राखीव जंगलात बिनपरवाना शिरणं तर 1927 च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे, तेव्हा त्याबाबत फार नवी हरकत घेण्यात अर्थ नाही.

मग जायचं कुठे? मालकाला विचारून खाजगी जमिनीवर, आणि भात कापून खाचरं मोकळी झाल्यावर. तरीही बांधावरून गाडी घालू नये. बांध म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावर खाचरातलं पाणी थांबतं आणि तो फुटला तर घरातल्या सगळ्यांचे चार दिवस माती रचण्यात जातात. आवणी झालेल्या खाचरात चाक घालणाऱ्यासाठी या मार्गदर्शनात नियम नाही. त्याच्यासाठी गावात आहेत.

आठवा नियम अडकण्याचा. सगळेच अडकतात. 2024 च्या डिसेंबरात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडीने ओढून काढली, हे अनेकांनी पाहिलं आहे. गाडी ओढायचा पट्टा ट्रेलर जोडायच्या गोळ्याला अडकवू नये. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. ओढताना माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभी असावीत, विंचच्या दोरावर ओलं पोतं टाकावं. हे सगळं म्होरक्याला तोंडपाठ आहे. गेल्या खेपेला त्याचीच गाडी एका बांधावर पोटावर बसली तेव्हा त्याने ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं. पट्टा दुसऱ्याच्या गाडीत होता, ती गाडी वडापावसाठी मागे थांबली होती. पाऊण तासाने पलीकडच्या पाड्यावरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने काथ्याचा जाड दोर टाकला, एकदा मागे बघितलं आणि गाडी बाहेर काढली. पैसे घेतले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, “शेठ, रस्ता हा काय इथं आहे. दिसला नाही का?” रस्ता खरोखरच पंधरा पावलांवर होता, गेल्या वर्षीच झालेला, डांबरी.

त्यावर म्होरक्या जे हसला ते मात्र मनापासून. मग त्याने ट्रॅक्टरवाल्याला जबरदस्तीने थर्मासमधला चहा पाजला, फावड्यावरचं लेबल काढून टाकलं आणि बांधाची खचलेली कड सगळ्यांकडून तासभर भरून घेतली. दुसऱ्या खेपेलाही सगळे त्याच्या मागून का जातात याचं कारण बहुधा हेच असावं.

नियम शेवटचा: चिखल सोमवारपर्यंत धुऊ नये, ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिसायला हवा. रविवारी रात्री म्होरक्याने गाडी सोसायटीच्या फाटकातून मोठ्या ऐटीत आत घेतली. वॉचमनने टॉर्चचा उजेड पाडून पुढून-मागून एक फेरी मारली. चिखलाबद्दल तो काहीच बोलला नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “चारी चाकांत हवा कमी दिसते.”